मनमाड–इगतपुरी उपनगरी रेल्वेच्या खर्चात नाशिककरांनी वाटा उचलावा का?

प्रश्न : अनिरुद्ध, देवळाली

नमस्कार. नाशिक–कल्याण लोकलची मागणी प्रत्येक लोकसभा निवडणुकीत पुढे येते. कसारा घाटातला एकास सदतीसचा चढ, तिथे गाडीला लावावी लागणारी बँकर इंजिने (चढावर रेटा देणारी जादा इंजिने) आणि साध्या लोकलला तो चढ का झेपत नाही, याची चर्चा होते आणि मतदान उरकले की विषय पुन्हा बासनात जातो. मला घाटाच्या अलीकडचा प्रश्न विचारायचा आहे. इगतपुरी ते मनमाड हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. घोटी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिक रोड, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड आणि लासलगाव ही स्थानके याच दुहेरी, विद्युतीकरण झालेल्या मार्गावर आहेत. मध्ये घाट नाही आणि रूळ आधीपासून टाकलेले आहेत. सकाळी आणि सायंकाळी मेमू गाड्यांच्या (कमी अंतरावर धावणाऱ्या विजेवरच्या प्रवासी गाड्यांच्या) ठरावीक वेळेच्या फेऱ्या मिळाल्या, तर निफाड आणि इगतपुरी तालुक्यांतून रोज नाशिकला येणाऱ्या विद्यार्थ्यांची, कामगारांची आणि उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांची मोठी सोय होईल आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या वाहतुकीवरचा ताणही काही अंशी हलका होईल, असे मला मनापासून वाटते.

अडते ते पैशापाशी. आपल्या शहराच्या वाट्याला आलेल्या दोन मोठ्या घोषणा आठवा. मेट्रो निओला, म्हणजे रबरी चाकांवर धावणाऱ्या विजेवरच्या मेट्रोला, राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये मान्यता दिली. गंगापूर ते नाशिक रोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे दोन मार्ग ठरले आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिचा २,०९२ कोटी रुपयांच्या आकड्यासह उल्लेख झाला. त्या मार्गाचा एकही खांब उभा राहिलेला नाही. दुसरी घोषणा नाशिक–पुणे निमअतिजलद रेल्वेची. २३५ किलोमीटर लांबी, १६,०३९ कोटी रुपयांचा अंदाज, केंद्र आणि राज्याचे भागभांडवल प्रत्येकी २० टक्के आणि उरलेले ६० टक्के कर्ज अशी तिची मांडणी होती. तीही अडली.

पुणे–लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेसाठी निम्मा खर्च रेल्वे मंत्रालयाने आणि निम्मा राज्याने करायचा आणि राज्याच्या त्या निम्म्यात पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांनीही हातभार लावायचा, असे ठरले आहे. माझा प्रश्न त्यावरूनच सुचला. नाशिक महापालिका, एनएमआरडीए (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि जिल्हा परिषद यांनी मिळून आपणहून स्थानिक वाटा देऊ केला, तर ही उपनगरी सेवा लवकर मार्गी लागेल का? आणि असा वाटा देणे न्याय्य आहे का? सिंहस्थासाठी जिल्ह्यात मोठा निधी येत असतानाच हे विचारून घ्यावे, असे वाटले. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : सुनंदा, पंचवटी

अनिरुद्धराव, माझी सगळी नोकरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या लेखापरीक्षणात झाली, त्यामुळे मी हिशेबाच्या बाजूने लिहिते. प्रथम तुम्ही दिलेला २,०९२ कोटींचा आकडा. तो प्रकल्पाचा एकूण अंदाजित खर्च होता. अर्थसंकल्पीय भाषणातले आश्वासन त्या खर्चातील केंद्राचा जुळता वाटा देण्याचे होते, म्हणजे राज्याने आणि स्थानिक संस्थांनी आपला वाटा घातला की त्याच्या जोडीने केंद्राचा येईल, आणि उरलेल्या रकमेचे कर्ज काढावे लागेल. आपल्याकडे मात्र संपूर्ण रक्कम केंद्राने दिली असा समज पसरला आणि तो पसरू देण्यात सर्वच पक्षांना सोय वाटली. त्यामुळे पुढची चार-पाच वर्षे आपण “पैसे मंजूर असताना काम का होत नाही” हा प्रश्न विचारत राहिलो. कोणी किती, केव्हा आणि कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून) द्यायचे, हा खरा प्रश्न सभागृहात कधी नीट विचारलाच गेला नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकीय राजवट राहिली, त्यामुळे तो विचारायला लोकप्रतिनिधीही उरले नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. रेल्वे असो वा मेट्रो, तिच्या खर्चाचे दोन भाग असतात. पहिला उभारणीचा, म्हणजे भांडवली खर्च. दुसरा ती रोज चालवण्याचा, म्हणजे महसुली खर्च. राजकारणाला पहिला भाग आवडतो, कारण त्याचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते आणि आकडा मोठा दिसतो. दुसरा भाग दरवर्षी येतो, कायम राहतो आणि त्याचे उद्घाटन कोणी करत नाही. मेट्रो प्रकल्पांना मंजुरी देताना केंद्र सरकार चालवण्यातली रोख तूट राज्याने सोसावी अशी अट घालते आणि राज्य जमेल तेव्हा तो भार खाली ढकलते. अशा रीतीने सर्वांत चिवट खर्च सर्वांत अशक्त संस्थेच्या माथी येतो.

हे पाहायला दूर जाण्याची गरज नाही. आपली सिटीलिंक ही शहर बससेवा ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. तिची रचना पाहा. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा आणि महापालिकेच्या परिवहन महामंडळाने ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा. बसमध्ये दहा माणसे बसली काय किंवा साठ बसली काय, त्या दरात फरक पडत नाही. तिकिटाचे पैसे महामंडळाकडे जमा होतात आणि ते किलोमीटरच्या देयकापेक्षा कमी पडतात. मधले अंतर महापालिकेच्या अंदाजपत्रकातून भरले जाते, आणि ते वेळेवर भरले गेले नाही की साखळी तुटते: देयक थकते, वेतन थकते, वाहक संपावर जातात आणि सकाळी थांब्यावर उभा असलेला माणूस तिप्पट भाडे देऊन रिक्षा करतो. सिटीलिंकच्या वाहकांचे असे संप आपण सर्वांनी पाहिले आहेत. बस सेवा तोट्यात चालते ही माझ्या मते तक्रारीची बाब नव्हे, सार्वजनिक वाहतूक जगभर बहुधा अशीच चालते. तक्रार ही की त्या तोट्याचा धनी कोण, हे करारातच पाच वर्षांसाठी पक्के लिहून ठेवलेले नसते आणि दरवर्षी मार्च आला की नव्याने ओढाताण सुरू होते.

म्हणून माझे उत्तर असे: स्थानिक वाटा द्यायला हरकत नाही, परंतु तो भांडवलात ओतू नये. रूळ, सिग्नल आणि गाड्या ही रेल्वेची मालमत्ता आहे आणि ती रेल्वेनेच करावी. आपण वाटा द्यायचा असेल तर ठरावीक फेऱ्यांच्या चालवण्यातल्या तुटीला, ठरावीक वर्षांसाठी आणि लेखी मर्यादेत द्यावा.

उत्तर : मिलिंद, इंदिरानगर

सुनंदाताईंचे विवेचन मला पटते, तरी निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी कोणताही स्थानिक वाटा देण्याच्या विरोधात आहे आणि त्याचे कारण कंजूषपणा नाही.

रेल्वे हा संविधानाच्या सातव्या परिशिष्टातील संघसूचीतला विषय आहे. तिकिटाचा पैसा रेल्वेला जातो, मालवाहतुकीचे उत्पन्न रेल्वेला जाते आणि प्राप्तिकरही केंद्राला जातो. महापालिकेची जकात गेली, नंतर स्थानिक संस्था कर गेला आणि वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. स्वतःच्या हातात उरले ते घरपट्टी, पाणीपट्टी आणि विकास शुल्क. त्या पैशातून आधी गोदावरीत मिसळणारे सांडपाणी थांबवायचे की केंद्राच्या विषयातली तूट भरायची? महापालिकेचा करदाता शहरात राहतो आणि लासलगावहून येणारा प्रवासी महापालिकेला कर देत नाही, हाही प्रश्न आहेच. मी तो त्या प्रवाशाच्या विरोधात मांडत नाही. त्याचा खर्च उचलण्याची जबाबदारी त्याच सरकारची आहे, ज्याच्याकडे त्याचा कर जातो.

दुसरा मुद्दा समन्यायाचा. वाटा द्याल तर गाडी मिळेल हे तत्त्व एकदा मान्य झाले की ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच रेल्वे मिळेल. नवी मुंबईत मानखुर्दपासून पुढच्या रेल्वेमार्गांचा ६७ टक्के खर्च सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाने) आणि ३३ टक्के रेल्वेने केला. हे सिडकोला जमले, कारण तिच्या हातात संपूर्ण शहराची जमीन होती आणि रेल्वे आली की त्याच जमिनीचा भाव वाढणार होता. मुंबईत एमयूटीपीचा (उपनगरी रेल्वे सुधारण्याच्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा) खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा करतात आणि तिथल्या प्रवाशांच्या तिकिटावर त्यासाठी अधिभारही बसला. मुंबईची प्रवासीसंख्या तो भार पेलते. निफाड आणि इगतपुरी तालुक्यांकडे ना सिडकोसारखी जमीन आहे, ना मुंबईसारखी गर्दी.

आणि वाटा दिल्याने काम वेगाने होते, हे तरी खरे आहे का? अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग पाहा. २६१ किलोमीटरचा हा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला, त्याचा निम्मा खर्च महाराष्ट्राने उचलायचे मान्य केले, मूळचा साडेतीनशे कोटींच्या आसपासचा अंदाज ४,८०० कोटींच्या घरात गेला आणि बीडला पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोहोचली. निम्मा वाटा देऊनही मराठवाड्याच्या एका पिढीने वाटच पाहिली.

उत्तर : वैशाली, निफाड

मी निफाडहून नाशिक रोडला नोकरीसाठी रेल्वेने ये-जा करते आणि माझ्यासारख्या बऱ्याच बायका आमच्या डब्यात असतात. वाटा कोणी द्यावा यावर विद्वानांनी जरूर बोलावे. मला प्रवाशाच्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे, जी पैशाच्या चर्चेत नेहमी निसटते.

आम्हाला नुसत्या गाडीपेक्षा तिची नेमकी वेळ जास्त हवी आहे. आज या मार्गावर गाड्यांची संख्या कमी नाही. उत्तरेकडून आणि विदर्भातून मुंबईकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या निफाडवरून धडधडत निघून जातात, पण त्या आमच्यासाठी थांबत नाहीत. ज्या थांबतात त्यांना खेरवाडी किंवा ओढा येथे बाजूच्या मार्गावर घेतले जाते आणि आधी मागची जलद गाडी सोडली जाते. डब्यात बसलेल्या माणसाला खिडकीतून समोरचा लाल सिग्नल दिसतो. मग एक लांबलचक मालगाडी जाते, मग एक एक्सप्रेस जाते आणि आमच्या हजेरीची वेळ टळून जाते. त्यात स्टेशनमास्तरांचा दोष नाही. दोनच रुळांवर मालगाडी, राजधानी, मेल आणि आमची गाडी या सर्वांना धावायचे आहे, आणि त्यात सर्वांत हळू चालणारी व सर्वांत कमी उत्पन्न देणारी गाडी आमची आहे. प्रवाशांना भाड्यात सरासरी ४६ टक्के सवलत दिली जाते असे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले आहे. याचा अर्थ, मालगाडीच्या कमाईतून आमचा प्रवास भागतो. मग मालगाडीला अडवून आमची गाडी कोण सोडणार?

मिळालेली गाडी टिकतेच असेही नाही. मनमाड–मुंबई राज्यराणी नाशिककरांसाठी होती. जानेवारी २०२० मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. मराठवाड्यातल्या लोकांनाही मुंबईची गाडी हवीच आहे, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. परंतु लांबून भरून येणाऱ्या गाडीत रोजच्या प्रवाशाला बसायला जागा कोठून मिळणार? वाटा देऊन सुरू केलेली गाडीही उद्या अशीच दुसरीकडे वळवली, तर दिलेल्या पैशाचे काय होईल, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

म्हणून सुनंदाताईंना माझी विनंती आहे की करारात फेऱ्यांच्या संख्येबरोबर वेळ आणि वक्तशीरपणाही लिहावा. आठ पन्नासला नाशिक रोडला पोहोचणारी गाडी नऊ चाळीसला पोहोचली तर ती माझ्या उपयोगाची नाही, मग तिचे भाडे कितीही कमी असो. आज माझ्या ओळखीच्या मुली एसटीचा पास काढतात किंवा चांदोरीपासून खासगी जीपने जातात, ते याच कारणाने.

उत्तर : बाळासाहेब, सिन्नर

राम राम मंडळी. आमच्या तालुक्याचा अनुभव या चर्चेत यावा म्हणून लिहितो.

नाशिक–पुणे रेल्वेचा मूळ मार्ग सिन्नर आणि संगमनेरवरून जात होता. महारेल ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी तो बांधणार होती. मोजणी झाली, दर ठरले आणि सिन्नर तालुक्यात थेट खरेदीने काही जमिनी घेतल्याही गेल्या. ज्यांची खरेदीखते झाली त्यांना मोबदला मिळाला. ज्यांची मोजणी होऊन खरेदी राहिली ते मधल्या मध्ये लटकले. अशा जमिनीत विहीर खोदावी की नाही, द्राक्षाची नवी बाग उभी करावी की नाही, मुलाला घर बांधू द्यावे की नाही, हे ठरवता येत नाही. गिऱ्हाईकही अशा जमिनीकडे फिरकत नाही. नंतर नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला रेल्वेमुळे अडथळा होईल असा आक्षेप आला, केंद्राने तो मार्ग नाकारला आणि आता शिर्डी व अहिल्यानगरवरून जाणाऱ्या मार्गाची आखणी पुढे आली आहे. दुर्बीण महत्त्वाची आहे, जगभरचे शास्त्रज्ञ तिथे काम करतात, हे आम्हाला मान्य आहे. पण ती तिथे नव्वदच्या दशकापासून आहे. तिचा विचार मोजणीच्या आधी व्हायला हवा होता.

यातून मला वाटते ते असे. भागीदारीत दोन सरकारे असली की यशाच्या वेळी दोघेही पुढे येतात आणि अडचणीच्या वेळी प्रत्येक जण दुसऱ्याच्या फायलीकडे बोट दाखवतो. त्यात महापालिका आणि जिल्हा परिषद असे आणखी दोन भागीदार वाढवले, तर बोट दाखवायला आणखी दोन फायली मिळतील. अनिरुद्धभाऊ, तुमची योजना आहे त्या रुळांवर चालणार आहे, त्यात आमच्यासारख्यांची जमीन अडकणार नाही, ही तिची सर्वांत चांगली बाजू आहे. ती सोडू नका. तिसरी मार्गिका झाल्याशिवाय काहीच नको, अशी भूमिका घेतलीत तर जमिनीचा प्रश्न पुन्हा उभा राहील. कल्याण–कसारा तिसरी मार्गिका २०११ मध्ये मंजूर झाली, ती पूर्णपणे खुली होण्याची वाट लोक अजून पाहत आहेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : अनिरुद्ध, देवळाली

सर्वांचे आभार. मिलिंदरावांचा समन्यायाचा मुद्दा मला अंतर्मुख करून गेला आणि वैशालीताईंनी जे लिहिले ते मी देवळालीच्या फलाटावरही पाहतो. सुनंदाताई, आता दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. वाटा दिल्याने निर्णयात आपला आवाज खरोखर वाढतो का? आणि तूट भरण्याची हमी दिली, तर ती मोडणारा पक्ष कोण असण्याची शक्यता अधिक आहे: रेल्वे, राज्य की आपणच?

उत्तर : सुनंदा, पंचवटी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर अप्रिय आहे. हमी मोडण्याची शक्यता सर्वांत जास्त आपल्याच बाजूने आहे. दिल्ली–मेरठ जलद रेल्वेचे उदाहरण पाहा. ८२ किलोमीटरच्या त्या प्रकल्पात दिल्ली सरकारचा वाटा तुलनेने लहान होता, तरीही तो थकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने ४१५ कोटी रुपये भरण्यास सांगितले आणि तेही न भरल्यावर नोव्हेंबरमध्ये दिल्ली सरकारच्या जाहिरातींची तरतूद या कामाकडे वळवण्याची ताकीद दिली. जाहिरातीला पैसे आहेत आणि रेल्वेला नाहीत, ही गोष्ट न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. मिलिंदरावांनी दिलेल्या बीडच्या उदाहरणातही राज्याचा वाटा वेळेवर न मिळणे हे रखडण्याच्या कारणांपैकी एक होतेच. त्यामुळे मी त्या उदाहरणातून वाटा देऊच नये असा अर्थ काढत नाही. जो वाटा वर्षानुवर्षे पाळता येणार नाही तो कबूल करू नये, असा काढते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोकण रेल्वेत आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा रेल्वेचे भागभांडवल ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी सहा टक्के होते. त्या भांडवलामुळे मार्ग झाला आणि तुलनेने लवकर झाला, हे मोठेच काम होते. तरीही कोणती गाडी खेड, चिपळूण किंवा संगमेश्वरला थांबावी यासाठी कोकणातल्या लोकांना आजही निवेदनेच द्यावी लागतात. भांडवलाने संचालक मंडळावर जागा मिळते, थांबा मिळत नाही. वैशालीताईंना जे हवे आहे ते भागभांडवलातून मिळणार नाही, ते सेवेच्या करारातूनच मिळू शकते. म्हणून मी सुरुवातीपासून चालवण्याच्या तुटीविषयी बोलते आहे.

मिलिंदराव, तुमच्या समन्यायाच्या मुद्द्यापुढे मला एवढेच म्हणायचे आहे की महापालिकेने एकटीने हा भार उचलावा असे मीही म्हणणार नाही. लासलगावचा प्रवासी महापालिकेचा करदाता नसला तरी राज्याचा करदाता आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर येथे मुद्रांक शुल्काच्या जोडीने मालमत्तेच्या किमतीवर एक टक्का अधिभार वाहतूक प्रकल्पांसाठी घेतला जातो. त्याच धर्तीवर, स्थानकांच्या परिसरातील जमिनीच्या वाढत्या भावातून राज्याने आणि एनएमआरडीएने निधी उभारावा आणि महापालिकेचा वाटा देवळाली ते ओढा एवढ्या शहरी टप्प्यापुरता ठेवावा. नाशिक रोड स्थानकाबाहेर सिटीलिंकची जोडबस उभी करणे, हे तर महापालिकेचेच काम आहे, आणि त्यासाठी रेल्वेच्या परवानगीची वाट पाहण्याची गरजही नाही.

सिंहस्थाच्या निधीविषयीही एक गोष्ट लिहिते. २०२७ च्या पर्वणीसाठी येणारा पैसा एकदाच येतो आणि तो ठरलेल्या तारखेच्या आत खर्च करायचा असतो. त्यातून फलाटांची लांबी, पादचारी पूल, ओढा आणि देवळाली येथील गाड्या उभ्या करण्याची सोय ही कामे होऊ शकतात आणि पर्वणी संपल्यावर तीच उपनगरी सेवेच्या उपयोगी पडतील. त्यातून रोजची तूट भरता येणार नाही. हा पैसा आला म्हणजे उपनगरी रेल्वेचा प्रश्न सुटला, अशी भाषणे आता सुरू होतील, तेव्हा हा फरक प्रत्येक सभेत विचारला गेला पाहिजे.

व्यवहारात मी सुरुवात लहान ठेवीन. सकाळची एक आणि सायंकाळची एक अशा मेमूच्या दोन जोड्या, निफाड किंवा लासलगाव ते इगतपुरी, तीन वर्षांसाठी. तुटीची कमाल रक्कम करारात लिहिलेली असावी आणि तेवढी रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवलेली असावी, म्हणजे मार्चअखेरीची ओढाताण राहणार नाही. गाडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा उशिरा आली तर त्या महिन्याचा हप्ता कमी व्हावा. मुदत संपण्यापूर्वी गाडीचा मार्ग बदलला तर उरलेली रक्कम परत मिळावी. रेल्वे प्रशासन या अटी सहज मान्य करणार नाही, हे मला कळते. परंतु पैसे हातात ठेवून अटी मांडणे आणि पैसे देऊन झाल्यावर विनंती करणे, या दोहोंत फार अंतर आहे.

उत्तर : मिलिंद, इंदिरानगर

रक्कम आधीच वेगळ्या खात्यात ठेवायची, कमाल मर्यादा लिहायची आणि महापालिकेचा भाग शहरी टप्प्यापुरता ठेवायचा, या तीन अटी असतील तर माझा विरोध मी मागे घेतो. राज्याच्या वाट्याविषयी मात्र लेखी शासन निर्णय हवा. सभेतल्या आश्वासनावर महापालिकेने एक रुपयाही काढू नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : अनिरुद्ध, देवळाली

आयुक्तांचे प्रारूप अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्याआधी नगरसेवकांना निवेदन द्यावे, असे मी ठरवले आहे. त्यात एकच मागणी ठेवतो: “उपनगरी रेल्वे सेवा तूट निधी” या नावाचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि राज्याचा शासन निर्णय व रेल्वेचा सेवा करार झाल्याशिवाय त्यातील रक्कम खर्च करू नये. बाळासाहेब, तिसऱ्या मार्गिकेची अट त्यात घालत नाही. वैशालीताई, निफाड आणि कसबे सुकेणे येथील पासधारक भगिनींना सकाळी नाशिक रोडला किती वाजता पोहोचणे आवश्यक आहे आणि सायंकाळी किती वाजता निघणे सोयीचे आहे, त्या वेळा गोळा करून कळवाल का? निवेदनासोबत त्या जोडायच्या आहेत.

उत्तर : वैशाली, निफाड

कळवते. सकाळी नाशिक रोडला पावणेनऊच्या आत पोहोचायला हवे, हे आत्ताच लिहून ठेवा. सायंकाळचे एकमत होणे अवघड आहे, कारण दुकानांत काम करणाऱ्या मुली आठनंतर सुटतात आणि कार्यालयांतल्या बायका सहाला. दोनच जोड्या मिळणार असतील तर सायंकाळची गाडी कोणासाठी ठेवायची, हे आम्हाला आधी आपसात बोलावे लागेल. येत्या आठवड्यात डब्यातच बसून बोलतो.